पाटी हरवलेला जुना स्किडर: उघडून पाहिल्यावरचं मत

आधी निकाल सांगून टाकते. टिंबरजॅकच्या २०० मालिकेतला, डेट्रॉइट ३-५३ इंजिनाचा जुना केबल स्किडर, मधला सांधा शाबूत असेल तर जरूर घ्यावा. सांधा गेलेला असेल आणि लाइन बोरिंग, म्हणजे झिजलेली भोकं एका रेषेत पुन्हा कातून देणारं कुणी हाताशी नसेल, तर फुकट दिला तरी घेऊ नये. इंजिन, रंग, टायर, सीट हे सगळं नंतरचं.

मी टर्नर आहे. लेथ आणि बोरिंग हेच आयुष्यभर केलं. स्किडर चालवतो माझा भाचा; मी तो उघडते, मोजते आणि परत बसवते. तेव्हा हे मत सीटवर बसणाऱ्याचं कमी आणि पाना धरणारीचं जास्त समजावं.

ज्यांनी स्किडर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तोडलेली झाडं चिखलातून, उतारावरून ओढत रस्त्याकडेला आणणारं हे मशीन: चार सारख्या मापाची चाकं, चारहींना ताकद, पुढच्या अर्ध्यात इंजिन आणि चालक, समोर ब्लेड, मागच्या अर्ध्यात विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा ड्रम, आणि तो दोर ज्यावरून जातो ती कमान. दोन अर्धे उभ्या पिनांनी जोडलेले असतात, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की चाकं न वळता अख्खं मशीन कमरेत वळतं.

आमच्याकडे आलेल्या मशीनला कंपनीची पाटी नव्हती. नुसते चार रिव्हेट उरलेले. विकणाऱ्याने मॉडेल म्हणून जो आकडा छातीठोकपणे सांगितला, तो निघाला अ‍ॅक्सलच्या घरावरचा कास्टिंग नंबर. हा घोळ फार जणांचा होतो. ओतीव लोखंडावर उठून आलेले आकडे त्या भागाच्या साच्याचे असतात. तोच भाग वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये सापडू शकतो. मशीनचा अनुक्रमांक ठोकलेला असतो, म्हणजे बोट फिरवलं तर खोलगट लागतो. पाटी गेली तरी सांगाड्याच्या जाड पट्टीवर तो बहुतेक वेळा रंगाच्या थरांखाली मिळतो. त्यासाठी ग्राइंडर अजिबात लावू नका. रंग काढायचं द्रव, पितळी ब्रश आणि बाजूने तिरपा धरलेला टॉर्च एवढंच पुरतं. ग्राइंडरने अर्धा आकडा उडाला की तो कायमचा गेला.

रंगावरून तर काही ठरवूच नये. या वयाच्या मशीनवर रंगाचे निदान तीन थर असतात आणि पत्रा कुठल्या तरी दुसऱ्याच मशीनचा असतो. ओळख पटवायची ती आतल्या अवयवांवरून. स्किडर बनवणारे जुने कारखाने बऱ्याच अंशी जुळवणी करणारे होते: इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, अ‍ॅक्सल तिसऱ्याचे, विंच चौथ्याची. क्लार्क, रॉकवेल, डाना, गिअरमॅटिक अशी नावं एकाच मशीनवर भेटतात, आणि या प्रत्येकाची स्वतःची छोटी पाटी असते. ती चिखलाखाली राहिल्यामुळे उलट चांगली टिकते. सुटे भाग मागवताना शेवटी कामाला येतात त्या याच पाट्या. स्किडरचं मॉडेल न सांगता नुसता गिअरबॉक्सचा नंबर दिला तरी सील आणि बेअरिंग मिळतात.

कारखान्याचं गाव कळलं तरी बरंच काही कळतं. टिंबरजॅक कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या वुडस्टॉकची. ती कंपनी २००० मध्ये जॉन डिअरकडे गेली, त्यामुळे जुन्या मशीनचे भाग शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं. ट्री फार्मर हा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या इनमक्लॉच्या गॅरेट कंपनीचा, आणि कॅनडात तो कॅनेडियन कारच्या कारखान्यात बनायचा. तो कारखाना ज्या फोर्ट विल्यममध्ये होता, ते गाव १९७० मध्ये शेजारच्या पोर्ट आर्थरशी एक होऊन थंडर बे झालं. तेव्हा पाटीवर फोर्ट विल्यम असेल तर मशीन त्याआधीचं धरायला हरकत नाही. जॉन डिअरचा ४४० हा १९६५ चा, आयोवातल्या डब्यूकचा. फ्रँकलिन व्हर्जिनियातला. आणखी एक खूण पाटीशिवाय दिसते: खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकावीत म्हणून काही मशीनमध्ये पुढचा अ‍ॅक्सल मधल्या आडव्या पिनेवर डुलतो, तर काहींमध्ये अ‍ॅक्सल पक्के असतात आणि कमरेचा सांधाच पिळतो. आमच्याचा अ‍ॅक्सल डुलतो. फोटोवरून मशीन ओळखायचं असेल तर मी पहिला फोटो तोच मागते.

इंजिनाची ओळख त्या मानाने सोपी. डेट्रॉइटच्या ५३ मालिकेत ५३ म्हणजे एका सिलिंडरचे घनइंच, त्यामुळे ३-५३ म्हणजे तीन सिलिंडर, १५९ घनइंच, साधारण २.६ लिटर. ब्लॉकवर ठोकलेला अनुक्रमांक ३डी ने सुरू होतो. ४-५३ असेल तर ४डी ने. मॉडेलचा आकडा ५०३३ ने सुरू झाला तर ५ म्हणजे ५३ मालिका, ०३ म्हणजे सिलिंडर, आणि पुढचा ३ म्हणजे औद्योगिक वापराचं इंजिन. रॉकर कव्हरवरची यादीवजा पाटीही वाचा, पण ब्लॉकशी ताडून. कव्हर चार बोल्टांचं काम, ते कुणीही कुठूनही आणून बसवतं. ही इंजिनं काही एका दिशेला, काही उलट दिशेला फिरणारी अशी बनायची. जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणताना फिरण्याची दिशा विचारली नाही तर पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी.

आता सांध्याकडे येते.

भाचा पहिल्यांदा ओंडके ओढून आला तो म्हणाला, "मावशी, मशीन मधेच अंग सोडतंय." वळणावर स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही पुढचा भाग किंचित आडवा सरकायचा. अशा वेळी लोक आधी स्टिअरिंगच्या सिलिंडरांना दोष देतात आणि सील बदलत बसतात. तपासायची पद्धत साधी आहे. सपाट जागा, इंजिन चालू, ब्लेड जमिनीवर दाबून पुढची चाकं जराशी उचलायची आणि सोडायची. दुसऱ्याने लांब उभं राहून सांध्याच्या वरच्या आणि खालच्या डोळ्याकडे, म्हणजे पिनेच्या भोकाकडे, बघायचं. दोन्ही अर्ध्यांचं लोखंड एकमेकांसापेक्ष हललं की प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. किती, ते डायल गेज सांगतं. मोजायला किंवा ग्रीस मारायला सांध्याजवळ जायच्या आधी इंजिन बंद, ब्लेड जमिनीवर आणि दोन अर्ध्यांमधला लॉक बार बसवलेला, यात तडजोड नाही. त्या फटीत माणूस सापडला तर स्टिअरिंगला जराही जोर लागत नाही. आमच्या मशीनचा लॉक बार गायब होता. बाकी कशालाही हात लावायच्या आधी मी तो बनवला.

दोन पिनांपैकी खालची जास्त खाते. एक कारण चिखल आणि ग्रीस निपलापर्यंत हात न पोचणं. दुसरं कारण मशीनच्या कामातच आहे. ओंडक्यांचं वजन कमानीवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतं. भरल्या मशीनमध्ये त्यामुळे सांध्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते; रिकाम्या परतीच्या वाटेवर हेच उलटं. दर फेरीला हा उलटापालटा झाला की कोरड्या बुशमधली (पिनेभोवतीच्या बदलता येणाऱ्या नळीतली) पिन घणासारखी काम करते. आमच्या खालच्या बुशचा तर मागमूस नव्हता. पिन थेट डोळ्याच्या लोखंडावर घासत होती आणि भोक जवळजवळ तीन मिलिमीटर अंडाकृती झालेलं. आधीच्या कुणीतरी त्यावर उपाय म्हणून पिनेलाच वेल्डिंगचे टाके मारून हाताने घासून जाड केलं होतं. कडक वेल्डचे उंचवटे मऊ भोकात फिरवले की काय होतं ते सांगायला टर्नर लागत नाही.

दुरुस्तीचं खरं कौशल्य भोक मोठं करण्यात नाही, मध्य शोधण्यात आहे. झिजलेल्या भोकाचा मध्य हा मूळ मध्य नसतो. झीज ज्या बाजूला झाली तिकडे तो सरकलेला असतो. तसाच धरून बोर मारला तर वरची आणि खालची पिन एका रेषेत राहत नाही आणि नवीन बुश थोड्याच दिवसांत काठावर खातात. डोळ्याच्या अगदी तोंडाशी, जिथे सील बसतं, तिथे पिन पोचत नसल्याने मूळ माप शिल्लक असतं. मी डायल तिथे फिरवून मध्य घेतला. मग भोक वेल्डिंगने भरलं, वर आणि खाली दोन्हींतून एकच बोरिंग बार घातला आणि एकाच बांधणीत दोन्ही भोकं काढली. मधे बार सोडून पुन्हा बांधला की एकरेषेपणा संपला. बुश बसताना मशीनवर घण मारावा लागू नये म्हणून बुश गोठवून घेतले. डोळा कोमट, बुश थंडगार, मग ते हाताच्या दाबाने आत जातात. दोन इंचाच्या, म्हणजे ५०.८ मिमीच्या, ग्रीसवर चालणाऱ्या पिनेला ०.१ ते ०.२ मिमी प्ले मी ठेवते. घट्ट बसवायचा मोह होतो, पण ग्रीसला जागाच नसेल तर ते आत जाणार कुठून? पिना ईएन २४ च्या, वरून कडक केलेल्या. साध्या एमएसच्या, म्हणजे मऊ पोलादाच्या, पिनेवर एवढी मेहनत वाया घालवू नये.

वेल्डिंगची एक गोष्ट लोक कायम विसरतात. अर्थचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावायचा, त्याच तुकड्यावर. तो मागच्या चाकाच्या रिमला लावून पुढे वेल्ड केलं तर करंट बेअरिंगांतून वाट काढतो आणि रोलरांवर ठिणग्यांचे डाग पडतात. बॅटरीची आणि अल्टरनेटरची जोडणी आधी काढायची, हे वेगळं सांगायला नको.

हा सांधा झाल्यावर मशीन ओळखू येईना इतकं सुधारलं. स्टिअरिंगचे सिलिंडर, ज्यांना सगळे नावं ठेवत होते, ते मी अजून उघडलेलेही नाहीत.

इंजिनाबद्दल लोकांची दोनच मतं असतात, प्रेम किंवा शिवी. ३-५३ हे टू-स्ट्रोक डिझेल. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून तीन सिलिंडरचं हे इंजिन कानाला सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकसारखं, प्रत्यक्षात आहे त्याच्या दुप्पट वेगाने पळत असल्यासारखं वाटतं. कानाला संरक्षण लावल्याशिवाय याच्यावर बसायचं नाही; भाच्याशी माझं या एका गोष्टीवरून कडाक्याचं भांडण झालेलं आहे. कमी वेगावर रेंगाळत चालवलं तर हे इंजिन तेल ओकतं आणि काजळी धरतं. त्याला कामाला लावूनच ठेवावं लागतं. एअर बॉक्सच्या, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या हवेच्या कप्प्याच्या, नळीतून थोडं काळं तेल गळणं हा रोग नव्हे. तेल मात्र एसएई ४०, एकाच ग्रेडचं, सीएफ-२ दर्जाचं. ट्रकसाठी आणलेलं मल्टिग्रेड यात ओतू नये.

विकत घेण्याआधी बघायची सोय या इंजिनात फार सुंदर आहे. ब्लॉकच्या बाजूची एअर बॉक्सची झाकणं काढली की सिलिंडरच्या हवेच्या खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा दिसतात. इंजिन हाताने हळूहळू फिरवत रिंग खिडकीसमोर आणायची आणि बोथट काडीने हलके दाबायची. दबून परत आली तर रिंग जिवंत. हललीच नाही तर काजळीने चिकटलेली किंवा तुटलेली. हेड न उतरवता एवढं दाखवणारी इंजिनं कमीच.

भीती आहे ती इंजिन सुसाट सुटण्याची. इंजेक्टरांचा रॅक, म्हणजे किती डिझेल जायचं ते ठरवणारा दांडा, अडकला किंवा हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरची सीलं जाऊन इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागलं, तर चावी आणि थ्रॉटल दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून बरेच दिवस उभं असलेलं इंजिन चालू करायच्या आधी रॉकर कव्हर काढून रॅक हाताने मोकळा सरकतो का ते बघायचंच. हवा बंद करणारी आणीबाणीची झडप आमच्या इंजिनावर होती, पण तिची केबल कापलेली. ती पहिल्यांदा जोडली. रोज इंजिन बंद करायला मात्र ती झडप वापरू नये, त्या ओढीने ब्लोअरच्या सीलांमधून तेल खेचलं जातं.

भाच्याला कमिन्सचं ४बीटी बसवायचं होतं. तो हट्ट मी मोडला, आणि कारण भावनिक नाही. ४बीटी, ३.९ लिटरचं टर्बो, चांगलंच इंजिन आहे, डिझेलही कमी पितं. पण ३-५३ चा कमाल वेग २८०० फेऱ्यांपर्यंत जातो, ४बीटी त्याच्या खालीच थांबतं. गिअर तेच ठेवले की मशीनची चाल आणि विंचचा वेग दोन्ही त्या प्रमाणात उतरतात. उलट खालच्या वेगावरचा टॉर्क खूप जास्त, आणि तो सोसायचा कुणी? ज्या अ‍ॅक्सल-शाफ्टांनी आयुष्य काढलं आहे, त्यांनी. बेल हाउसिंग, माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सर हे सगळं नव्याने करावं लागतं ते निराळंच. इंजिन खरोखर मेलेलं असेल तर हा बदल शहाणपणाचा. चालू इंजिन काढून करायचा असेल तर मी त्यात नाही.

स्टिअरिंगचा बदल मात्र केला आणि तो करावा असं सांगेन. आमच्या मशीनला जुनी पद्धत होती: चाक फिरवलं की दांड्यांच्या साखळीतून व्हॉल्व्ह उघडतो आणि मशीन वळलं की तोच दांडा व्हॉल्व्ह परत बंद करतो. प्रत्येक दांड्याच्या टोकाला बॉल जॉइंट, प्रत्येक जॉइंटमध्ये प्ले. त्या जागी ऑर्बिटल व्हॉल्व्ह बसवला, जो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल मोजून सोडतो. माप अंदाजाने घेऊ नका, हिशोब सोपा आहे. दोन सिलिंडर, बोअर ६३ मिमी, दांडा ३२ मिमी, स्ट्रोक ३०० मिमी धरा. वळताना एक सिलिंडर पूर्ण तोंडाने भरतो आणि दुसरा दांड्याच्या बाजूने. दोन्ही मिळून ५४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास क्षेत्रफळ, गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे १६०० घनसेंटिमीटरहून थोडं जास्त तेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे चार फेरे हवे असतील तर फेऱ्याला ४०० घनसेंटिमीटरचा ऑर्बिटल. सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवायचं तर मिनिटाला २४ लिटर तेल लागेल. पंप तेवढं देतो का आणि ब्लेडसाठी तोच पंप असेल तर स्टिअरिंगला आधी तेल देणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह आहे का, हे व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी पाहायचं. एक तोटाही सांगते. इंजिन बंद पडलं तर एवढ्या मोठ्या ऑर्बिटलने हाताच्या जोरावर हे मशीन वळणं जवळपास अशक्य असतं.

या कामात फिटिंगांनी डोकं उठवलं. जुन्या नळ्यांत ३७ अंशांच्या आणि ४५ अंशांच्या, अशा दोन प्रकारच्या शंकूंची फिटिंगं सरमिसळ लावलेली होती. अर्ध्या इंचाच्या नळीला दोन्हींचे आटे सारखेच, ३/४-१६, त्यामुळे एकमेकांवर सुखाने चढतात, घट्टही होतात, आणि गरम झाली की पाझरतात. मग पुढचा माणूस टेफ्लॉन टेप गुंडाळतो. शंकूवर बसणाऱ्या फिटिंगला टेपचा काही उपयोग नाही. उलट टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. कोनमापक लावा आणि कोन न जुळणारं फिटिंग फेकून द्या. पान्यांचंही तसंच. मशीन इंचाचं आहे. अर्ध्या इंचाच्या डोक्याला, म्हणजे १२.७ मिमीला, १३ चा पाना लागतो आणि कोपरे गोल करतो. ३/४ ला १९ चालून जातो, ९/१६ ला काहीच चालत नाही. इंचाचा पूर्ण संच नसेल तर सुरुवातच करू नये.

विंच हा या मशीनचा सर्वात समाधानकारक भाग. क्लच आणि ब्रेक बँड नीट जुळवल्यावर ती ओढते, धरते आणि सोडते, आणखी काय हवं? घेताना एवढंच पाहा: भक्कम खुंटाला दोर बांधून ताण द्यायचा, लिव्हर मधे आणायची आणि ड्रम सरकतो का बघायचं. मग मोकळं सोडून एका माणसाने चालत जाऊन दोर ओढायचा. दमछाक झाली तर आत काहीतरी घासतंय. दोराचं टोक ड्रममध्ये ज्या खाचेत अडकतं, ते सगळी ओढ पेलण्यासाठी नसतं, म्हणून ड्रमवर किमान तीन फेरे कायम शिल्लक ठेवावे लागतात. आमच्या आधीच्या मालकाने ते टोक ड्रमला वेल्ड करून टाकलेलं. दोराला वेल्डची आच लागली की तिथली तार ठिसूळ होते, शिवाय मशीन उलटायला लागलं तर दोर सुटायची शेवटची संधीही जाते. कापून काढलं.

सिंथेटिक दोराबद्दल बरेच जण विचारतात. हलका असतो यात शंका नाही. चढावर दोर ओढत नेणाऱ्याचे खांदे दुवा देतात. पण ते तंतू १४५ अंशांच्या आसपास वितळतात आणि घासण्याला घाबरतात. स्टीलच्या दोराने वर्षानुवर्षं कमानीच्या रोलरांवर पाडलेल्या धारदार खाचा आधी लेथवर काढल्या नाहीत, तर नवा दोर त्यावर किसला जाईल. आम्ही रोलर काढून गुळगुळीत केले, तरी मुख्य दोर स्टीलचाच ठेवला.

नापसंत गोष्टी. या पिढीच्या बऱ्याच स्किडरांप्रमाणे ब्रेक चाकांवर नसून ड्राइव्हलाइनवर आहे, म्हणजे शाफ्ट किंवा क्रॉस तुटला तर ब्रेकच्या पुढची साखळीच तुटते. उतारावर अशा वेळी ब्लेड खाली टाकणं एवढंच हातात उरतं, म्हणून ब्लेडचं हायड्रॉलिक हे ब्रेकइतक्याच गंभीरपणे सांभाळावं लागतं. चढण्या-उतरण्याची पायरी उंच आणि निसरडी. बेली पॅनमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटाखालच्या पत्र्यात, पानं, भुसा आणि तेल साचतं, आणि वर गरम सायलेन्सर. आग लागायला आणखी काही लागत नाही. आम्ही बॅटरीला हाताने तोडायचा मोठा स्विच लावला आणि पॅनच्या मूळ झाकणांना लवकर उघडणारे बोल्ट बसवले. मशीनवर केलेल्या सगळ्या बदलांत सर्वात कमी मेहनतीचे आणि सर्वात उपयोगाचे हे दोन.

चालकाच्या डोक्यावरच्या सांगाड्याबद्दल मी हट्टी आहे. उलटल्यावर माणूस वाचवणाऱ्या या सांगाड्याची चाचणी आयएसओ ८०८२ प्रमाणे होते, वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी ८०८३, आणि आत घुसणाऱ्या फांद्यांपासूनच्या संरक्षणासाठी ८०८४. आमच्या सांगाड्याच्या एका खांबाला सायलेन्सरची नळी जावी म्हणून गॅसकटरने खाच पाडलेली होती. मला उत्तम वेल्डिंग येतं, तरी ती मी भरली नाही. मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या मशीनचा, न कापलेला, न वाकलेला, पाटीसकट असलेला सांगाडा मिळेपर्यंत मशीन उभं राहिलं. भाचा चिडला होता. चिडू दे.

टायर मोठे लावायचा विचार असेल तर चाकाची त्रिज्या दहा टक्के वाढली की तेवढ्याच ओढीसाठी अ‍ॅक्सलवरचा पीळही दहा टक्के वाढतो, हे आधी लक्षात घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरचे टायर मापाला बसतात, पण जंगलातल्या खुंटांसाठी एलएस-२ खुणेचेच हवेत; नाहीतर बाजू फाटतात.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्याला रोज सकाळी चावी फिरवून कामाला लागायचं आहे, सगळे निपल शोधून ग्रीस मारायचा कंटाळा आहे, आणि वेल्डिंग म्हणजेच दुरुस्ती असं ज्याचं मत आहे, त्याने नवीन किंवा निदान पाटी असलेलं मशीन पाहावं. स्वतःची लेथ असलेल्या किंवा लेथवाल्याशी चांगली ओळख असलेल्या माणसाला मात्र यापेक्षा उघडायला सोपं मशीन क्वचितच मिळेल. इथे प्रत्येक भाग बोल्टने लावलेला आहे, प्रत्येक बेअरिंगला नंबर आहे, आणि कुठलीही दुरुस्ती कॉम्प्युटर जोडल्याशिवाय होते.

अ‍ॅक्सलचं तेल नुकतंच सोडलं. मागच्यात लोहचुंबकाला राखाडी पूड लागली, ती चालते. पुढच्यात मात्र एक कपची सापडली, बोटाच्या नखाएवढी, एका बाजूने चकचकीत. पिनिअनचा दात असावा. पुढचा डिफरन्शियल आता बाहेर काढून टेबलावर ठेवला आहे, आणि घरावरच्या छोट्या पाटीवरचा नंबर वाचता येतोय, त्यामुळे क्राउन-पिनिअनची जोडी मागवायला अडचण नाही. सुटा पिनिअन मागवणार नाही. या जोड्या कारखान्यात एकमेकींवर घासून जुळवलेल्या असतात.